बघून येतो

रोज सकाळी चहा झाला की आबा कपबशी उंबऱ्याच्या कडेला सरकवायचे, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "बघून येतो." काय बघून येतो ते कधी सांगायचे नाहीत आणि घरातलं कुणी विचारायचंही नाही. बघून येतो म्हणजे रान बघून येतो. रानात काम असो नसो, पीक उभं असो नाहीतर नुसती ढेकळं पडलेली असोत, ही फेरी चुकली नाही. काम असलं तर परत येऊन, भाकरी बांधून घेऊन ते पुन्हा जायचे. पण पहिली फेरी मोकळ्या हातानं. खुरपं नाही, खोरं नाही, काही नाही.

आई कधीकधी वैतागायची. "रात्रीतनं रान उठून कुणाच्या घरी गेलंय व्हय?" आबा हसायचे आणि चालू लागायचे.

आमचं गाव माणदेशातलं, म्हसवडहून आत. पश्चिमेला सह्याद्री सगळा पाऊस अडवून घेतो आणि आमच्याकडं उरलंसुरलं पाठवतो. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा ही आमची पिकं आणि मेंढरं ही आमची बँक. साडेचार एकर रान, त्यातलं एक-दीड एकर विहिरीवर, तेही विहिरीला पाणी असेल तेव्हा. एवढ्याशा रानात रोज बघण्यासारखं काय असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं.

१९७२ च्या दुष्काळात तर रानात खरोखरच काही नव्हतं. आबा तेव्हा बाविशीचे, आई नवी नवरी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवरची तांबडी मिलो घरी आणायची, असे ते दिवस. आई सांगायची की त्या वर्षीसुद्धा कामावर जायच्या आधी, अंधारातच, हे रानात जाऊन यायचे. एकदा तिनं विचारलं, पेरलंय काय आन् बघताय काय? तर म्हणाले, "रानाला वाटाया नगं, ही आपल्याला इसरली म्हून." आई ही गोष्ट नवऱ्याच्या येडेपणाचा पुरावा म्हणून सांगायची. आम्ही पोरंही तशीच ऐकायचो आणि हसायचो.

मी १९९९ साली पुण्याला गेलो. पिंपरीकडच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात चिकटलो. लग्न झालं, पोरगी झाली, दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, त्याचे हप्ते झाले. तेवीस वर्षं गेली. गावाला जाणं म्हणजे दिवाळी, यात्रा आणि कुणाचं मयत-माती. तेव्हाही आबा सकाळी "बघून येतो" म्हणायचे आणि मी कूस बदलून झोपायचो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी झोप गेली. आधी नुसती उशिरा लागायची. मग रात्री दोनच्या सुमाराला दचकून जाग यायला लागली. छातीत धडधड, अंगाला घाम, हातपाय गार, आणि आता आपण मरतोय अशी पक्की खात्री. दोन वेळा बायकोनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे, हाही आजारच आहे, औषध घ्यावं लागेल. ठणठणीत हृदयाचा एवढा राग मला कधी आला नव्हता. हाताला दाखवण्यासारखं काही असतं तर चारजणांना सांगता तरी आलं असतं.

त्यातच २०२२ च्या पावसाळ्यात कारखान्यानं हिशेबाचं काम बाहेर दिलं आणि आम्हा सातजणांना घरी बसवलं. दिवाळीला आम्ही गावी गेलो. सुट्टी संपल्यावर बायको आणि पोरगी परत निघाल्या. बायको शाळेत शिकवते, तिला जाणं भाग होतं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही राहा थोडे दिवस. तिथं एकटं भिंती बघत बसण्यापेक्षा आबांना हातभार तरी होईल." घरात मी सांगितलं की साचलेली रजा संपवायची आहे.

हे आबांना कितपत पटलं कोण जाणे. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी अंगणात येऊन बसलो होतो, छातीवर हात ठेवून. ओसरीवरून आवाज आला, "झोप न्हाय व्हय?"

"पाणी प्यायला उठलो होतो."

"हां."

तेवढंच. सकाळी चहा झाला, टॉवेल खांद्यावर आला, "बघून येतो" झालं. पण आबा उंबऱ्यातच थांबले. वळून म्हणाले, "येतूस?"

म्हसवडचा रथ अजून व्हायचा होता. ज्वारी मांडीएवढी झाली होती आणि सकाळी पानांवर दव असायचं. मी पायात पुण्याचे बूट आणि खिशात मोबाइल घेऊन निघालो. मोबाइल पावलं मोजायचा. बांधावर आल्यावर आबांनी चपला काढल्या, लिंबाच्या बुडाशी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत शिरले.

"आबा, काटंकुटं असतंय."

"असू दे की. पायाला कळतं."

त्यांच्या थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या. पहिली विहीर. काठावर उभं राहून खाली डोकवायचं, घसा खाकरायचा आणि आवाज कसा घुमतो ते ऐकायचं. दुसरी बाभळ, विहिरीवर वाकलेल्या तिच्या फांद्यांना सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले रिकामे खोपे लोंबत होते. तिसरी चिंच, चौथी ओढ्याकडची पट्टी. तिथं आबा उकिडवे बसायचे, बोटभर उकरून खालची माती मुठीत दाबायचे. मूठ उघडल्यावर ढेकूळ राहिलं तर ओल आहे, भुरभुरली तर गेली. मग तीच माती नाकाला लावायचे. बोलायचे मात्र काही नाहीत. मला वाटलं होतं, आता काहीतरी विचारतील, नाहीतर उपदेश करतील. तासभर फिरून आम्ही घरी आलो. मोबाइलनं पावलं सांगितली. ती मी बायकोला कळवली.

पाच-सहा दिवसांनी मीही बूट काढले. लाजेखातर म्हणा. कार्तिकातली सकाळची माती इतकी गार असते हे मी विसरलो होतो. पहिल्या दिवशी तळव्यांना प्रत्येक ढेकूळ टोचलं आणि माझं सगळं लक्ष पायात गेलं. घरी आल्यावर टाचेत बाभळीचा काटा निघाला. आईनं बांगडीची पिन काढली, माझा पाय मांडीवर घेतला आणि काटा उकरताना म्हणाली, "भाकरीच्या पिठागत झाल्यात पाय. पुण्यात काय जमिनीला पाय लावत न्हाय का?" आठवून बघितलं. खरंच नव्हतो लावत. फरशी, जिना, डांबर, गाडी, फरशी. बागेत गेलो तरी बूट घालून, फरसबंद वाटेवर.

इथं खरं तेच सांगतो. त्या पंधरा दिवसांत माझी झोप काही आली नाही. "निसर्गाच्या सान्निध्यात या, ताण विसरा" असे फलक पुण्याच्या आसपास जागोजागी लागलेले असतात, हुरड्याच्या दिवसांत तर जास्तच, आणि त्यांचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. रान म्हणजे सोसायटीचं कर्ज, खताची पिशवी, रात्री दोनला येणारी वीज आणि ऐन फुलोऱ्यात येणारं आभाळ. आमच्या भागातली माणसं रानातच राहतात आणि तरी खंगतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या सकाळच्या तासात मी माझे ठोके मोजत नव्हतो. पुढं काटा आहे का ते बघत होतो.

एका रविवारी पोरीचा फोन आला. तिनं कुठंतरी वाचलं होतं. इंग्लंडातल्या जवळपास वीस हजार लोकांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला होता. आठवड्यात निदान दोन तास झाडापाण्यात घालवणारी माणसं, आपली तब्येत आणि मन बरं आहे असं जास्त संख्येनं सांगतात. दोन तास एकदम काढले काय नि थोडे थोडे काढले काय, सारखंच. आणि जपानच्या वनखात्यानं तर १९८२ मध्येच शब्द काढलाय, शिनरिन-योकू, म्हणजे रानात जाऊन केलेली आंघोळ. मी फोनचा आवाज मोठा करून आबांना ऐकवलं.

"आंघोळ? पाण्याबिगर?"

"हवेची हो आबा. झाडांच्या हवेची."

"आन् आठवड्याला दोनच तास?" आबा विचारात पडले. "मग बाकीचं दिवस कुटं असत्यात?"

पौष उजाडला तशी ज्वारी निसवली. कणसांत चीक भरायला लागला आणि पाखरं यायला लागली. चिमण्या, होले तर घरचेच. खरी धास्ती भोरड्यांची. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या साळुंकीच्या जातभाईंचे थवे हिवाळ्यात पार मध्य आशियातून आमच्या ज्वारीवर उतरतात. हजारभर पाखरांचा थवा आभाळात एका अंगानं वळतो तेव्हा चादर झटकल्यासारखा दिसतो. सुंदर दिसतो, आणि तो आपल्या पट्टीवर उतरला तर एका सकाळीत कणसांचा भुगा होतो. दोन्ही खरं आहे. शाळेत असताना आम्ही राखणीला जायचो. चार मेढींवर माळा, हातात गोफण, तोंडानं हाऽऽ हाऽऽ. आता राखणीला माणूस मिळत नाही. लोक कॅसेटच्या जुन्या फिती बांधतात. वाऱ्यानं त्या फडफडतात, उन्हात चमकतात, त्याला पाखरं चार दिवस भितात. आम्हीही उगवतीच्या अंगाला फिती बांधल्या होत्या आणि जोडीला माळाही घातला होता.

त्या सकाळी आबा माळ्यावर होते आणि मी खाली दगड गोळा करत होतो. आबा एकदम उठले, गोफण गरगरा फिरवली आणि उगवतीला दगड सोडला. "हाऽऽ!" मग कान देऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "गेली का?"

"कोण?"

"पाखरं. त्या पट्टीवर बसलीती की."

पट्टीवर एकही पाखरू नव्हतं. फीत चमकत होती. आणि भोरड्यांचा एक लहानसा थवा आबांच्या पाठीमागच्या बाभळीवर, लपण्याचं काही कारण नसल्यासारखा, उघड्यावर बसला होता.

मी वर बघितलं. आबा उतरायला लागले होते. पाय खाली सोडून मेढीची पायरी चाचपत होते. तेव्हा मला एकेक गोष्ट लागायला लागली. विहिरीवर खाकरणं. माती नाकाशी नेणं. पायाला कळतं. कपबशी उंबऱ्याच्या कडेला हातानं अंदाज घेत सरकवणं. दोन महिने मी रोज त्यांच्या मागून चालत होतो आणि हा माणूस बघायला जातोय म्हणताना जवळजवळ काही बघत नाही, हे मला दिसलं नव्हतं. मी माझ्या छातीत बघत होतो.

"आबा, तुम्हांला कधीपासनं दिसत नाही?"

"दिसतंय की. धुकं असतंय सकाळचं."

आईला माहीत होतं. तिनं कपाळाला हात लावला. "सांगून दमले. ऑपरेशनला न्हाय म्हनत्यात. पंधरा दिस, म्हैनाभर रानात जायाचं न्हाय म्हनला डागदर, तवापास्नं त्याचं नाव घिऊ देत न्हायती."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यातला चांगलाच पिकलेला. मी आबांना तालुक्याच्या गावी नेलं. त्यांना तयार करायला मला दोन दिवस लागले आणि ते एकाच अटीवर तयार झाले. रान रोज कुणीतरी बघितलं पाहिजे. "कुणीतरी म्हंजे तू. गडी न्हाय."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत झालं. भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आबांनी डोळे मिचकावले, समोरची भिंत बघितली, बाईंच्या हातातली थेंबाची बाटली बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले.

"तुझी केसं कवा पांढरी झाली रं?"

मला काही बोलता येईना.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. आबांनी काळा चष्मा लावला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. गोंदवले मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "रजा किती ऱ्हायली तुजी?"

"रजा नाही आबा. काम गेलं. पावसाळ्यातच."

जीप खड्ड्यातून गेली. ते काही बोलले नाहीत. मी पुढचंही सांगितलं, रात्रीचं, दवाखान्याचं, गोळ्यांचं. पुढच्या सीटवर दोन अनोळखी माणसं होती, त्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे म्हटलं. गावाचा फाटा दिसायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "मला बी दोन वरसं दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी सुरू झाली. धूळ नको, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी नको, दिवसातून चार वेळा थेंब. आबा ओसरीवर आणि मी रानात. पहिल्या दिवशी तास-दीड तासानं परत आलो. आबा वाटच बघत होते.

"काय बघितलंस?"

"सगळं ठीक आहे."

"ठीक म्हंजे?"

"म्हणजे… ज्वारी चांगली आहे."

"विहिरीतली कितवी पायरी उघडी पडली?"

माहीत नव्हतं.

"चिंचेखालच्या कोपऱ्यात ओल हाय?"

माहीत नव्हतं.

"मग तू गेलास कुटं?"

बेचाळीस डिग्री तापात परीक्षेला बसल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी पायरी मोजली. सातवी उघडी पडली होती. चिंचेखाली माती मुठीत दाबली, ढेकूळ झालं. ते सांगितलं. तर नवा प्रश्न, ओढ्याच्या अंगाला कणसं वाकली का सरळ हायती? तिसऱ्या दिवशी ते बघितलं, तर विचारलं, मुंगळं कुठल्या वाटंनं जातायत? रोज सकाळी मी कालच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन जायचो आणि आबा भलतंच काही विचारायचे. तेव्हा मी सगळंच बघायला लागलो. काय विचारतील नेम नाही म्हणून.

एकदा मोठ्या हौसेनं सांगितलं, "आबा, मधल्या पट्टीत दवानं पानं काय चमकत होती!"

"किती वाजलं हुतं?"

"दहा वाजले असतील."

"धाला दव कुटलं? हात लावलास?"

लावला नव्हता. पुन्हा गेलो. पानं चिकट होती. चिकटा पडला होता. पानांच्या खालच्या अंगाला माव्याच्या बारीक किडी दाटीनं बसल्या होत्या आणि त्यांनी टाकलेला गोड रस उन्हात चमकत होता. दोन महिने उनाड कौतुकानं निसर्ग बघणाऱ्या माणसाची यापेक्षा चांगली फजिती होणार नाही. घाबरून घरी आलो, फवारणी करावी लागेल म्हणालो. आबा शांत. "लाल पाठीचं, काळ्या ठिपक्याचं ढालकिडं हायती का त्येच्यावर?" तिसऱ्यांदा गेलो. होते. एकेका पानावर दोन-दोन, तीन-तीन. "मग ऱ्हाऊ दे चार दिस. त्येच खात्यात मावा. फवारलं तर त्ये बी मरत्याल." मी चार दिवस त्या पट्टीत उकिडवा बसून ढालकिडे बघत होतो. शाळा सोडल्यानंतर एखाद्या गोष्टीकडं इतका वेळ, मोबदल्याशिवाय, मी बघितलेलं मला आठवत नाही. मावा वाढला नाही. थोडा कमीही झाला.

आई ओसरीवरनं जाता-येता ऐकायची. "आदी एक येडा हुता," ती म्हणाली, "आता दोन झालं."

झोप कधी आली ते नेमकं सांगता येणार नाही. एके सकाळी डोळे उघडले तर ऊन कौलातून खाली आलं होतं आणि आबा दारात काळा चष्मा लावून उभे होते. "आज बघाया जायाचं न्हाय व्हय?" मी उठून बसलो आणि मग लक्षात आलं की रात्री मी उठलोच नव्हतो. पुढच्या रात्री पुन्हा उठलो, त्याच्या पुढच्या रात्री नाही. असंच आतबाहेर चाललं. गोळ्या मी मनानं बंद केल्या नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गावाकडं लोक लगेच तेच सुचवतात. डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी केल्या, त्यातली एक आणखी वर्षभर चालली.

माघ संपता संपता आबांना रानात जायची परवानगी मिळाली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा आधी उठले. लिंबाच्या बुडाशी आम्ही दोघांनी चपला काढल्या. आबा पट्टीच्या तोंडाशी उभे राहिले आणि एका डोळ्यानं सगळं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. ज्वारी पिकून पांढुरकी झाली होती. मला वाटलं, आता खूश होतील.

"कणसं बारीक हायती की रं औंदा."

"मी सांगितलं होतं की चांगली आहेत."

"तू लई चांगलं सांगत हुतास," आबा म्हणाले.

पुढं काढणी झाली. ज्वारी मुळासकट उपटायची, तळहातांची सालं जायची, बायका बसून कणसं खुडायच्या, कडब्याच्या पेंढ्या बांधून बुचाड लावायचं. त्या आठवड्यात झोपेचा प्रश्नच नव्हता. जेवताना ताटावरच डोळे मिटायचे.

होळीनंतर मी पुण्याला परत आलो. दोन दुकानांचे आणि एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघतो. आधीपेक्षा निम्मे पैसे येतात. हप्त्यांचं गणित बायकोनं नव्यानं मांडलं. घबराट गेली असं म्हणणार नाही. नंतरही दोनदा आली. दोन्ही वेळा मी उठून अनवाणी खाली गेलो आणि सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथं बिल्डरनं फरशी घालायची राहून गेलीय, त्या पट्टीवर उभा राहिलो. वॉचमननं विचारलं, काय हरवलं का साहेब?

त्या पट्टीवर एक शेवगा आहे, एक आपोआप उगवलेला पिंपळ आहे आणि गवत आहे. सकाळी सातला मी तिथं फेरी मारतो आणि मग आबांना फोन लावतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय बघितलंस, आणि मी म्हणालो, इथं काय बघायचं आबा, पार्किंग आहे. ते म्हणाले, "७२ ला बी काय नव्हतं."

परवा त्यांना सांगितलं, शेवग्याच्या वाळक्या फांदीला तांबटानं भोक पाडलंय. चोचीनं कोरतोय, खाली भुसा पडलाय, आणि दिवसभर टुक-टुक-टुक चाललंय. सोसायटीवाले वाळकी फांदी तोडायची म्हणतायत, मी चेअरमनशी बोलणार आहे.

"कुठल्या अंगाला हाय भोकाचं तोंड? वर का खालच्या अंगाला?"

"ते नाही बघितलं."

"मग बघून ये की," आबा म्हणाले. "मी हाय फोनवर."